बाळ ३८ वर्षांचा झाला, तरी हात सोडू नका

घरात बौद्धिक अक्षमता असलेलं मोठं माणूस असेल तर सगळ्यात पहिलं काम म्हणजे त्याचं खरं नाव वापरणं बंद करा. माझ्या भावाला सगळे बाळ म्हणतात. वय ३८, कानाजवळ केस पिकलेत, एक दिवसाआड दाढी करावी लागते, पण सोसायटीतल्या पाचवीतल्या पोरापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचा तो बाळच. खरं नाव यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर आहे, तिथे सेफ आहे. पाहुणे आले की त्यांनी आईला विचारायचं, "चहा घेतो का हा?" हा म्हणजे समोर बसलेला. आईने सांगायचं, अर्धा कप. त्याला फुल्ल लागतो, पण ते त्याला विचारलं तर कळणार ना.

गॅसजवळ जाऊ देऊ नका. मी आत्तापर्यंत तीन पातेली जाळलीत आणि तरी सासरी मला अख्खं किचन सोपवलंय, ती गोष्ट वेगळी. बाळने पंधरा वर्षांपूर्वी एकदा चहा करताना बोट भाजून घेतलं, तेव्हापासून त्याला किचनबंदी आहे, आणि ही शिक्षा जन्मठेपेपेक्षा मोठी आहे कारण जन्मठेपेत निदान चांगल्या वागणुकीची सूट मिळते.

शिक्षणाचं फार टेन्शन घेऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षण वय वर्ष ६ ते १८ एवढंच आहे, पुढे एकोणिसाव्या वाढदिवसाला अक्कल आपोआप येत असावी. नंतर मग कार्यशाळा असते, तिथे पणत्या रंगवायच्या, कागदी पाकिटं चिकटवायची, दिवाळीआधी उटण्याच्या पुड्या भरायच्या. महिन्याला जे पाकीट मिळतं त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं, आणि ते आईने घरी आल्याबरोबर ताब्यात घ्यायचं. मुंबईत जुहूला अर्पण म्हणून एक कॅफे आहे, तिथे असेच मोठे लोक किचन सांभाळतात, ऑर्डर घेतात, पगार घेतात. त्याचा व्हिडिओ कुणी ग्रुपवर टाकला की लगेच हात जोडलेले इमोजी पाठवा आणि खाली लिहा, "त्यांची मुलं माइल्ड असतील हो." आपलं मूल किती माइल्ड आहे हे तपासायच्या भानगडीत पडू नका, निघायचं खरंच माइल्ड.

प्रवासाबद्दल मात्र रेल्वेचे आभार मानायला पाहिजेत. स्लीपरला ७५ टक्के सवलत, त्यालाही आणि बरोबरच्या माणसालाही. अट एकच, डॉक्टरने लिहून द्यायचं की हा माणूस सोबतीशिवाय प्रवास करूच शकत नाही. आता बघा यात केवढी गंमत आहे, समजा तुम्ही वर्षभर खपून त्याला स्टेशन ओळखायला शिकवलं, बोर्ड वाचायला शिकवलं, चुकला तर कुणाला विचारायचं ते शिकवलं आणि तो एकटा जाऊन आला, तर बक्षीस काय, तर सवलत गेली, पूर्ण भाडं भरा. म्हणजे न शिकण्यावर सरकारची सबसिडी आहे. मी एकदा तो फॉर्म भरताना हळूच म्हटलं की हा बसने दोन स्टॉप एकटा जातो, तर समोरचा माणूस पेन थांबवून म्हणाला, ताई, हे इथे बोलू नका. मी पण नाही बोलले. चौघांचं गोव्याचं तिकीट होतं.

मित्र नकोतच. घरची माणसं आहेत की. बाळच्या फोनमधे पाच नंबर आहेत आणि पाचही आडनावं आमचीच. कार्यशाळेतली एक मैत्रीण होती, रोज संध्याकाळी सात वाजता फोन, दोघं काय बोलायचे तर आज भाजी कुठली होती. तिच्या घरच्यांना ते बरं वाटलं नाही, आमच्याही नाही, मग दोन्ही आयांनी मिळून अगदी प्रेमाने नंबर डिलीट केला. पुढचे किती तरी महिने तो सातला फोन हातात घेऊन बसायचा, आम्ही म्हणायचो, बघा कसं रुटीन पाळतो. चुलतभावाच्या लग्नात त्याने विचारलं, माझं कधी? अख्खा मांडव हसला, त्यालाही वाटलं काहीतरी छान बोललो आपण. उत्तर ठरलेलं ठेवा, "पुढच्या वर्षी हं". आमच्याकडे गेली बारा वर्षं हेच चालू आहे.

मुलगी असेल तर काळजीला अजून धार लावता येते. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात नेऊन काढली होती, कारण काय तर पाळीची स्वच्छता जमत नाही. पॅड वापरायला शिकवण्यापेक्षा ते सोपं वाटलं असणार. इथे मला विनोद सुचत नाहीये, पुढे जाऊ. २००९ ला सुप्रीम कोर्टाने चंडीगडच्या एका केसमधे सांगितलं की सौम्य अक्षमता असलेल्या बाईच्या गर्भपाताला संमती तिची स्वतःचीच धरायची, दुसऱ्या कुणी तिच्या वतीने द्यायची नाही. असे निकाल वाचत बसू नका, झोप उडते.

कागदपत्रं मात्र चोख करा. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या कमिटीकडून पालकत्व घ्या, एकदा ते सर्टिफिकेट आलं की बँकेतला माणूस त्याच्या डोक्यावरून थेट तुमच्याशी बोलतो. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व नावाचं काहीतरी आहे, म्हणजे दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं वगैरे. एवढा वेळ कुणाला आहे. मतदानाचंही तसंच, कोर्टाने तसं ठरवल्याशिवाय यादीतून त्याचं नाव कुणाला काढता येत नाही, म्हणून आपण आधी घालायचंच नाही.

एवढं सगळं नीट केलंत की साठीनंतर एका रात्री दचकून जाग येते आणि प्रश्न पडतो, आमच्यानंतर याचं काय? हा प्रश्न त्याच्यासमोरच मोठ्याने विचारायचा, दर आठवड्याला, शक्यतो जेवताना. आणि वर म्हणायचं, "देवाने माझ्या आधी याला न्यावं". या शहरातल्या किती आयांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलंय, आणि सगळ्या चांगल्या बायका आहेत, माझी आई तर आहेच. एकदा बाळने भात कालवता कालवता विचारलं, मी आधी कुठे जाणारे? आणि बरोबर कोण येणारे?

गेल्या पावसाळ्यात आई घरी नसताना मी त्याला दुधाला पाठवलं. हाकेच्या अंतरावरचं दुकान, पन्नासची नोट, एक पिशवी. वीस मिनिटं झाली तरी आला नाही, मी गॅलरीत, खालच्या काकूंनी ग्रुपवर टाकलं "बाळ बाहेर दिसला, एकटा??" दोन प्रश्नचिन्हं, तेवढ्यात तीन फोन. चाळीसाव्या मिनिटाला आला, दूध बरोबर, सुटे पैसेही बरोबर, फक्त दहा रुपये कमी. कोपऱ्यावरच्या टपरीवर बसला होता, रिक्षावाल्यांबरोबर, फुल्ल चहा घेतला होता. ते मला शेठ म्हणतात, म्हणाला. हे तीनदा सांगितलं.

आईला कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून दूध ॲपवरून सुरू झालं, सकाळी सहाला दाराशी पिशवी. तुम्हीही हेच करा, फार सोयीचं आहे. टपरीवाला अजून मला थांबवून विचारतो, शेठ दिसत नाहीत हल्ली? तुम्हाला कुणी विचारलं तर सांगायचं, बरं नाहीये त्याला.