नेट नसलेल्या वर्गात काय चालतं?

रविवारी नागपूरच्या धरमपेठेतल्या कट्ट्यावर तर्री पोहे संपायच्या आत वाद पेटला. मिहानमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करणारा आमचा मित्र म्हणाला, "प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड लावा, एआय द्या. मास्तरांचं अर्धं काम संपलं."

"काय बोलून राहिला रे? आमच्याकडे लाइट गेली की बोर्डही गेला," जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड त्यांना मनापासून आवडतात. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग आधी आपल्या वर्गात केला, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझही त्यांना मिळाला. पण वर्गात कोड स्कॅन करायचा तर नेट हवं. म्हणून मॅडम दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपवरचे पाठ आदल्या रात्री घरीच डाउनलोड करतात.

मी विज्ञान शिकवतो आणि मला हेच पटतं. घरून उतरवून नेता येईल अन् एका जुन्या लॅपटॉपवर चालेल, ते साधन आपल्या कामाचं. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) घ्या. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली ते सुरू केलं. त्यातली बरीच सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत, तीही फुकट, आणि फाइल उतरवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. त्यातल्या बल्बच्या सर्किटमध्ये बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली, तर बॅटरी पेट घेते. मी तार जोडायच्या आधी थांबतो आणि विचारतो, "आता काय होईल?" कोणी म्हणतं बल्ब जास्त उजळेल, कोणी म्हणतं विझेल. पोरं एकमेकांशी भांडायला लागतात. तो धड्यातला सगळ्यात मोलाचा क्षण! नुसता व्हिडिओ लावला असता तर तो आलाच नसता.

"अन् खरा सेल पोरांच्या हाती कधी देता?" निवृत्त मुख्याध्यापक काकांनी अडवलं. "पडद्यावर पाहून पोरगं शिकते का नुसतं पाहत बसते?"

काकांचं म्हणणं मला मान्य आहे. हाताने केलेल्याला तोड नाही. काका स्वतः टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांचे भक्त. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन करायचे. त्रिकोण दाबून हलत नाही, चौकोन लगेच कलतो. हे सगळं गुप्तांच्या वेबसाइटवर आहे, मराठी पुस्तकंही मोफत आहेत. म्हणजे काकाही ऑनलाइनवरच आले की!

मॅडमनी स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटचं नाव घेतलं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं. मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या, आणि छापून वाटायची मुभा. तिसरीतल्या ज्याला अजून जोडाक्षरं जमत नाहीत, त्याच्या हाती पहिल्या पातळीची गोष्ट देता येते. एकच धडा सगळ्यांवर लादण्यापेक्षा हे किती बरं!

मित्राने तेवढ्यात मोबाईलवर एआयकडून अपूर्णांकांचे पाच प्रश्न काढून दाखवले. चौथ्यात "अर्ध्याएवढा अपूर्णांक कोणता?" याला २/४ आणि ३/६ दोन्ही पर्याय होते, उत्तर मात्र एकच बरोबर धरलेलं. मॅडमनी ते पटकन पकडलं. मसुदा काढायला एआय चालेल, पण तपासल्याशिवाय पोरांसमोर न्यायचं नाही, यावर दोघांचं जमलं.

फेटच्या फाइली पेनड्राइव्हवर घालून द्यायचं मित्राने कबूल केलं.

"मलेही एक दे," काका म्हणाले, "अन् येताना सेल, बल्ब, तार आणजो."