बस कॉरिडॉर म्हणजे फक्त कठडे नव्हेत

बस कॉरिडॉर म्हणजे बसला सोयीचा व्हावा म्हणून सुधारलेला रस्ता. ‘सोलापुरात बस कॉरिडॉर आला की रस्त्याच्या मधोमध कठडे उभे राहणार आणि दुकानांचा धंदा बसणार,’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी मधली मार्गिका केली, तिच्याबद्दल तक्रारी झाल्या, हे खरं. पण थांब्यावर सावली आणि दिवा, सलग फुटपाथ, म्हाताऱ्या माणसालाही ओलांडता येईल असा चौक, सिग्नलला बसला आधी वाट, हेही कॉरिडॉर सुधारण्यातच येतं. त्यासाठी कठडा लागत नाही.

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत जाणारी एखादी बाई बघा. काखेत पानं-तंबाखूची पिशवी, थांब्यावर दुचाकी लावलेल्या, म्हणून ती भर रस्त्यात उभी. बसही मग रस्त्यातच थांबते आणि मागे रांग लागते. ही कोंडी बसनं नाही, अडवलेल्या थांब्यानं केली. भरलेली बस पन्नासेक माणसं नेते आणि जागा घेते दोन-तीन मोटारींची.

नवी पेठेतल्या दुकानदारांची काळजी मला कळते. माल उतरवायला ठरलेली वेळ आणि जागा हवी, ही मागणी रास्तच आहे. ती महापालिकेकडे लेखी द्यावी.