लाजेने मूल पळत नाही, लपतं

पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. आशय असा: हल्ली मुलांना फार जपतात. जाड मुलाला तोंडावर जाड म्हणा, लाज वाटली की आपणहून पळेल. दर आठवड्याला सगळ्यांसमोर वजन करा. जास्त खाल्लं की मैदानाला फेऱ्या मारायला लावा. बारीक मुलांची काळजी नको. मी मुलांना खेळ शिकवते. यामागची तब्येतीची काळजी खरी आहे हे मला कळतं, पण सांगितलेला एकेक उपाय मुलाला मैदानापासून तोडणारा आहे.

आधी लाजेचं बघू. माझ्याकडे एक मुलगा होता. दर दोन मिनिटांनी टी-शर्ट चिमटीत धरून पोटापासून पुढे ओढायचा. धावतानाही एक हात तिथेच, मग झेल सुटायचा आणि पुन्हा हशा. काही दिवसांनी त्याचं पोट दुखायला लागलं, मग पाय मुरगळला, मग तो यायचाच बंद झाला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांची 15 वर्षांनी पुन्हा पाहणी केली. वजनावरून चिडवली गेलेली मुलं मोठेपणी लठ्ठ असण्याचं प्रमाण जास्त निघालं. मुलींच्या बाबतीत तर घरच्यांच्या चिडवण्याचाही असाच संबंध दिसला. ‘आम्हालाही चिडवायचे, आम्ही सुधारलो’ असं सांगणारे भेटतात. पण ज्यांनी त्यापायी खेळणंच सोडलं, ते कुठे सांगायला येतात?

आता वजनकाटा. वाढत्या मुलाचं वजन वाढायलाच हवं. मुली साधारण 8 ते 13 आणि मुलगे 9 ते 14 या वयात कधीतरी वयात येऊ लागतात. काहींचं आधी अंग भरतं, उंची नंतर झपाट्याने वाढते. म्हणून डॉक्टर नुसता आकडा बघत नाहीत. वय, उंची, मुलगा की मुलगी, हे सगळं तक्त्यावर ताडून वाढीची रेषा बघतात. शंका असेल तर दवाखान्यात विचारा, चारचौघांत नको.

फेऱ्यांच्या शिक्षेचा मला सर्वांत राग येतो. धावणं म्हणजे खाल्ल्याचा दंड, हे एकदा मनात बसलं की ते मूल सुटका होताच धावणं सोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू-हाडांना बळ देणारी. हे एका दमात व्हायला हवं असं नाही. भरभर चालणं, पकडापकडी, नाच, दोरीच्या उड्या, सगळं धरा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की हालचाल मध्यम झाली. वजन तसूभर हललं नाही तरी हृदय, हाडं, झोप यांना फायदा होतोच.

मी स्वतः दोन गोष्टी बंद केल्या. कर्णधारांनी एकेक गडी निवडायचा, ही एक. शेवटी उरलेलं मूल मान खाली घालून उभं असतं. दुसरी म्हणजे बाद झालेल्याने बाहेर बसायचं. ज्याला हालचालीची सर्वांत गरज, तोच आधी बसतो! आता बाद झालेलं मूल दहा उड्या मारून परत खेळात येतं.

राहता राहिली बारीक मुलं. 2016 च्या आकडेवारीनुसार जगातली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. ती सगळी काही जाड नव्हती. आणि ‘काडी पैलवान’ ऐकणारं मूलही टी-शर्टआड लपतंच.

त्या मुलाला मी परत बोलावलं तेव्हा त्याच्या आईला एकच विनंती केली, की घरी आरशासमोर स्वतःच्याही पोटाला नावं ठेवू नका, तो ऐकत असतो. पहिल्या दिवशी दोरीवर त्याच्या तीन उड्या झाल्या. अकराव्या उडीपर्यंत पोचला त्या दिवशी दोन्ही हात दोरीवर होते.