‘एक ठाणेकर’ यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

पाळी गेल्यावर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या आणि स्तनाचा कॅन्सर, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटीतून बायकांना घाबरवणं बंद करा. 2002 चा अभ्यास म्हाताऱ्या बायकांवरचा होता. तुम्ही डॉक्टर पण नाही. माझ्या वहिनीने गोळ्या सोडल्या." वर वजनाचा मुद्दा उगाच घुसडलाय असंही.

नाही, मी डॉक्टर नाही. तुम्ही आहात असं तरी कुठे लिहिलंय?

वयाचं मान्य, त्या अमेरिकन अभ्यासात सरासरी वय 63 होतं आणि ते मी पार खाली टाकलं, वर हवं होतं. झालं समाधान? पण "घाबरवणं"? अहो, घाबरवायचंच असतं तर "धोका 26 टक्क्यांनी वाढतो" एवढंच छापून मोकळी झाले असते. मी लिहिलं की वर्षाला 10,000 बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या 30 केसेसच्या जागी 38, म्हणजे 8 जास्त, आणि तेही इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन या दोन हार्मोन्सच्या जोडगोळीचं, गर्भपिशवी काढलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन देतात त्यांच्यात ही वाढ दिसली नाही, हेसुद्धा लेखात आहे. तुम्ही हेडिंग वाचून टाईप करायला बसलात, दुसरं काय.

आणि 2019 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं त्यात पन्नाशीत सुरू करणाऱ्यांचाच हिशोब होता ना. जोडगोळी रोज 5 वर्षं घेतली तर पुढच्या 20 वर्षांत साधारण 50 बायकांमागे एक केस जास्त. गोळी बंद केल्यावरही धोका बरीच वर्षं मागे राहतो. याला म्हाताऱ्या बायका म्हणणार का तुम्ही?

माझी मावशी ऐरोलीची. रात्री घामाने गाऊन भिजायचा, दोनदा उठून बदलायची, म्हणून पन्नाशीत गोळ्या लागल्या आणि बरं पण वाटलं, ते मी नाकारत नाही. डॉक्टरांनी फिरून दाखवायला सांगितलं होतं. पण मेडिकलवाला ओळखीचा, तिची चिठ्ठी घड्यांवर फाटलेली, सेलोटेप मारलेली, ती बघून तो वर्षानुवर्षं पाकीट देत राहिला. साठीच्या आत गाठ लागली. केमोला मी शेजारी बसलेय, साहेब, तिथे व्हॉट्सॲप नव्हतं. एका मावशीवरून काय सिद्ध होतं म्हणाल, तर माझ्यासाठी होतं.

वजनाचं, पाळी गेली की अंडाशयाचं काम थांबतं, मग इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून पन्नाशीनंतर जास्त वजन हा कॅन्सरचा धोका धरतात. बस, याहून जास्त वाद घालायला मला वेळ नाही.

वहिनींना गोळ्या सोडा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, दरवर्षी गायनॅकला विचारा असं लिहिलंय, शेवटून दुसरा पॅरा. आणि पुढची कमेंट खऱ्या नावाने टाका, ‘एक ठाणेकर’ म्हणजे घोडबंदरपासून कळव्यापर्यंत कोणीही असू शकतं.