ड्रायव्हर आहे, सर्व्हर आहे, कनेक्शन मात्र लागत नाही

डोकं फिरलंय आज. सर्व्हर चालू आहे, टेबल आहे, परवानगी मिळालेली आहे, क्वेरी तोंडपाठ आहे. तरी आरमधून (ही आकडेवारीच्या विश्लेषणाची प्रोग्रामिंग भाषा) डेटाबेसला कनेक्ट होता होत नाही. विश्लेषण करायला बसायचं आणि अख्खा दिवस दारातच घालवायचा, हे अजून किती वर्षं?

प्रोग्राम आणि डेटाबेस जोडायचं ओडीबीसी हे मानक १९९२ साली आलं. कल्पना चांगलीच होती, प्रोग्राम तोच ठेवायचा आणि डेटाबेस बदलला की फक्त ड्रायव्हर, म्हणजे त्या डेटाबेसशी बोलणारा मधला दुवा, बदलायचा. पण इतक्या वर्षांत एरर मेसेज खरं बोलायला शिकले नाहीत, आणि माझा संताप त्याच्यावर आहे.

लिनक्सवर मेसेज येतो की ड्रायव्हरची लायब्ररी उघडता येत नाही, ‘फाइल नॉट फाउंड’. अरे, फाइल तिथेच आहे! फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड मारली की समोर दिसते. सापडत नसते ती त्या ड्रायव्हरला लागणारी दुसरीच लायब्ररी, बऱ्याचदा एन्क्रिप्शनसाठीच्या ओपनएसएसएलची. मग तिचं नाव सांगा ना! ते नाही. कुठल्या फाइलीला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी एलडीडी कमांड लावून आपणच हुडकायचं. नवीन पोरांना एलडीडी कुठून माहीत असणार? बिचारी तोच ड्रायव्हर काढतात, परत टाकतात, परत काढतात.

विंडोजवर वेगळाच ताप. ६४ बिटचं ओडीबीसीचं टूल सिस्टम३२ नावाच्या फोल्डरमध्ये आणि ३२ बिटचं सिसवॉव६४ मध्ये. वर दोन्ही फाइलींचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२! सिस्टम डीएसएन, म्हणजे कनेक्शनची नावानं साठवलेली माहिती, एकात बनवला की दुसऱ्या बाजूच्या प्रोग्रामला तो दिसतच नाही, आणि मेसेज येतो ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’. बिटचा गोंधळ आहे हे एका शब्दानं सांगत नाहीत.

पासवर्डचं तेच. सिक्युरिटीवाले म्हणतात, त्यात स्पेशल कॅरेक्टर हवंच. कुणी ॲट द रेट टाकलं आणि पायथनमध्ये डेटाबेसला जोडणाऱ्या एसक्यूएलअल्केमी लायब्ररीची यूआरएल सरळ लिहिली, की त्या चिन्हापुढचा पासवर्डचा तुकडा होस्टच्या, म्हणजे सर्व्हरच्या, नावात जातो. मेसेज काय, तर होस्ट सापडत नाही. माणूस नेटवर्कवाल्यांच्या मागे लागतो, आणि त्या चिन्हाच्या जागी हवं असतं फक्त टक्का चाळीस (%40)!

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. योग्यच आहे. पण आमच्याकडे सर्व्हरवर नीट सर्टिफिकेट बसवायला कुणी तयार नाही. तिकीट टाकलं, तर उत्तर आलं की ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ यस करा. म्हणजे सर्व्हर खरा आहे का याची तपासणीच बंद करा! ही ओळ आता ऑफिसातल्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये चिकटवलेली आहे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

एवढं करून कनेक्शन लागलं, तरी सुटका नाही. मायएसक्यूएलमध्ये तालुक्यांची नावं देवनागरीत व्यवस्थित साठवलेली असतात. कनेक्शनचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरांची संकेतपद्धत, देवनागरी नसलेला लॅटिन-वन राहिला, की प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह येतं. एरर नाही, साधी वॉर्निंग नाही. ‘सेट नेम्स यूटीएफ८एमबी४’ एवढी एक ओळ आधी चालवावी लागते, पण ते कुणी सांगितलं तर कळणार ना! वेलांटी-उकार वेगळे धरून ‘चिपळूण’मध्ये सहा चिन्हं, ‘कणकवली’मध्येही सहा. दोन्हींची सहा-सहा प्रश्नचिन्हं होतात, आणि आरमध्ये ग्रुप बाय केलं, म्हणजे नावानुसार गट पाडून बेरीज केली, की रत्नागिरीचा एक तालुका आणि सिंधुदुर्गाचा एक तालुका मिळून एकच ओळ तयार होते. बेरीज बरोबर येते, एकूण जुळतं, म्हणून तपासणाऱ्यालाही शंका येत नाही. रिपोर्ट तसाच वर जातो.