लीन इंजिन जपण्याचे खात्रीशीर उपाय

जुनी पेट्रोल पिकअप, रत्नागिरीकडचा मालक आणि मीटरवर पेटलेला ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा हे तिन्ही एकत्र आले की पहिलं काम एकच. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा. गाडी खोकायला लागली म्हणून लगेच तिचं दुखणं शोधत बसणं आपल्याकडे शोभत नाही. आधी नारळ आहे, लिंबू-मिरची आहे, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला चार माणसं जमली तर गाऱ्हाणंही आहे.

एवढं करूनही कुणी आगाऊ पोराने स्कॅनर लावलाच आणि ‘पी०१७१’ हा बिघाडाचा कोड आला, तर घाबरू नका. इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय, म्हणजे इंजिन ‘लीन’ चाललंय, एवढंच त्याचं म्हणणं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. तुमची गाडी त्याहून जास्त ओढतेय. हवा फुकट, पेट्रोल विकत. तक्रार कसली करता? आयडलिंग वरखाली होणं, रेस देताच अडखळणं, हवा आत घेणाऱ्या इनटेकमधून मध्येच फटाका वाजणं, चढावर इंजिन तापून खडखडणं ही सगळी काटकसरीची लक्षणं समजा. पुढेमागे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळेल, पण तोवर हापूसचा सीझन निघून जातो.

आता दुरुस्तीकडे वळू. सर्वांत आधी ऑक्सिजन सेन्सर बदला. तो बिचारा एक्झॉस्टच्या धगीत बसून ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवत ‘हवा जास्त आहे’ म्हणून ओरडत असतो. खरं बोलणाऱ्याला आधी बाहेर काढायचं, ही रीत आपल्याला ग्रामपंचायतीपासून ठाऊक आहे. नवा सेन्सरही तेच बोलला तर तोही खराब निघाला म्हणा. मग प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर, आणि खिशात अजून काही उरलं असेल तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा एक आकडा दिसतो, ईसीएम किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते सांगणारा. तो चुकूनही वाचू नका. आयडलला तो अधिक वीसच्या घरात आणि अडीच हजार आरपीएमला चार-पाचवर उतरला, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. उलट आयडलला बरा आणि आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढताना फुगला, तर पेट्रोल पुरत नाहीये, म्हणजे फिल्टर चोंदलाय नाहीतर पंप थकलाय. दोन मिनिटांत अर्धे संशयित सुटतात आणि बिलही अर्धं होतं. गॅरेजवाल्याच्या पोटावर असा पाय देऊ नये.

बॉनेटखाली तर अजिबात डोकावू नका. तिथे ब्रेक बूस्टरचा पाइप असतो, इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणारा पीसीव्हीचा पाइप असतो, इनटेक मॅनिफोल्डचं गास्केट असतं. उष्णतेने रबर तडकलेलं, खाऱ्या हवेने क्लॅम्प गंजलेला, आणि पावसाळ्यात उबेला आलेल्या उंदराने उरलंसुरलं कुरतडलेलं. काही माणसं चालू इंजिनावर या सांध्यांशी कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारतात, तोही एक्झॉस्टच्या गरम भागापासून लांब, आणि जिथे आयडलिंग बदलतं तिथे बोट ठेवतात. त्यांचा नाद करू नका. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर फसतो, हेही तेच लोक सांगतात. इतका विचार करणाऱ्या माणसाकडे भाडं मारायला वेळ कधी उरतो, देव जाणे.

दोष कुणावर तरी टाकायचा असेल तर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, तयार आहे. त्यात तथ्यही आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं लीन होतं, आणि जुन्या रबराचं त्याच्याशी पटेलच असं नाही. धडधाकट इंजिनाचा ईसीएम जास्त पेट्रोल सोडून तेवढं सांभाळून घेतो, पण हे नाक्यावर बोललात तर चहा कोण पाजेल?

सल्ला मात्र शेजारच्या अण्णांचाच घ्या. त्यांची पिकअप डिझेलची. डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवेवर चालतं, त्यात ठिणगीचा प्लगही नसतो. म्हणून तर ‘माझ्या गाडीला असलं काही होत नाही’ हे ते इतक्या अधिकाराने सांगू शकतात.

एखादा म्हातारा मिस्त्री वीतभर होज कापून बसवेल, चहा-वड्याइतके पैसे घेईल आणि गाडी गपगार चालायला लागेल. त्याच्याकडे परत जाऊ नका. एवढ्या स्वस्तात झालेल्या कामाबद्दल पाहुण्यांना काय सांगणार?

आणि गाडी विकायचीच ठरली तर चिकटपट्टी काढा आणि थोडा वेळ बॅटरीची वायर सोडून ठेवा. दिवा बहुधा विझतो, निदान गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत. त्याला भाट्याच्या पुलावरून फिरवून आणा, समुद्र दाखवा, शहाळं पाजा. साखरप्याच्या पुढे, आंबा घाटाच्या चढाला, मात्र नेऊ नका.