रुमाल टाकलेली जागा

गणेशपेठच्या एसटी स्टँडवर बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला मी कधीच हसत नाही. हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहिताना दिवसभर माझा तोच धंदा असतो. संत्र्याच्या पेट्यांची यादी आत, बिल बाहेर, एवढी फंक्शनची सही (काय घेतं, काय देतं) लिहायची, बराबरच्या चिन्हापुढे खऱ्या कोडऐवजी ‘अनडिफाइन्ड’ टाकायचं आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठायचं.

या रुमालाला कुठलीही सीट चालते. आकडा मागा, यादी मागा, फंक्शन मागा, तो बसतोच. त्यामुळे आतला मजकूर नसतानाही फंक्शनं एकमेकांत जुळतात की नाही, ते कंपायलर (कोडचा प्रोग्राम बनवणारा) तपासून देतो. हा फायदा खराच.

रडगाणं सुरू होतं ते हास्केलच्या आळसामुळे: गरज पडेपर्यंत ती काहीच चालवून बघत नाही. यादीत तीन अनडिफाइन्ड टाकून ‘लेंग्थ’ (लांबी) विचारा, उत्तर येतं 3. कंडक्टरनं रुमाल मोजले न भाऊ! बेरीज मागितली, म्हणजे तिकीट मागितलं, की गाडी आडवी. हास्केलचा कंपायलर जीएचसी, त्याच्या 8.0 आवृत्तीपासून (2016) निदान कुठल्या ओळीवरचा रुमाल ते कळतं. त्याआधी सगळ्या सीटा आपणच धुंडाळायच्या. स्काला या दुसऱ्या भाषेतला असाच रुमाल म्हणजे तीन प्रश्नचिन्हं; ती ‘डेफ’मध्ये (फंक्शनमध्ये) हाक मारेपर्यंत गप्प बसतात, ‘व्हॅल’मध्ये (ठरीव किमतीत) मात्र ऑब्जेक्ट उभा होतानाच फुटतात.

म्हणून मी टाइप्ड होलच्या, म्हणजे कोडमध्ये मुद्दाम सोडलेल्या भोकाच्या बाजूचा. अंडरस्कोअर आणि पुढे कुठलंही नवं नाव. जीएचसी 7.8 (2014) पासून कंपायलर तिथंच अडवतो: इथं ‘इंट’ (पूर्णांक) पाहिजे, तुझ्या हाताशी हे हे आहे, बसवतोस काय बे? नव्या आवृत्त्या तर उमेदवारही सुचवतात. पेटीच्या दराच्या जागी इंट हवा म्हटलं की ‘मॅक्सबाउंड’, म्हणजे सगळ्यात मोठा इंट, हजर. 64 बिटांच्या मशीनवर म्हणजे पेटीला 92,23,37,20,36,85,47,75,807 रुपये. टाइपात चूक काढून दाखवा! कळमन्याचा अडत्या हा आकडा ऐकूनच बसेल.

बाकी कोड चालवून पाहायचा असेल तर कंपायलरला ‘डिफर टाइप्ड होल्स’चा फ्लॅग (पर्याय) लावा, चूक नुसता इशारा होते आणि प्रोग्राम होलपाशी पोचला तरच पडतो. हा फ्लॅग घरीच ठेवा, सर्व्हरवर नको.

अनडिफाइन्डची सवय सुटतच नसेल तर त्याच कामाचा स्वतःचा ‘टुडू’ लिहा, त्याला ‘वॉर्निंग’ प्राग्मा (वापरला की इशारा दे, अशी कंपायलरला सूचना) जोडा आणि शेवटचा बिल्ड ‘डब्ल्यू-एरर’वर करा, म्हणजे प्रत्येक इशारा चूक ठरतो. विसरलेला एकही रुमाल सुटत नाही. फक्त टुडूला वेगळं मॉड्यूल (कोडची वेगळी फाइल) द्या, कारण ज्या मॉड्यूलात तो लिहिला तिथं वापरला तर इशारा येतच नाही. घरच्या माणसाला तिकीट कोण विचारते?